ठरवून केलेला गोंगाट

‘लव्हलेस’ हा ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या रॉक बँडचा दुसरा अल्बम. लंडनच्या क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीने तो ४ नोव्हेंबर १९९१ रोजी प्रकाशित केला. त्यात अकरा गाणी आहेत, सगळी मिळून साडेअठ्ठेचाळीस मिनिटांची. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा हात हमखास बटणाकडे जातो, कारण यंत्रात काहीतरी बिघडले असावे असे वाटते. गिटारी एकसंध घरघरतात, सूर एका जागी ठरत नाही, ड्रमचा ठोका कुठेतरी मागे पडलेला असतो आणि गाणारी बाई शेजारच्या खोलीत असावी तशी ऐकू येते. शब्द तर एकही धड लागत नाही. यातले काहीच अपघाताने झालेले नाही. दोन वर्षांहून अधिक काळ आणि एकोणीस स्टुडिओ खर्ची घालून हा आवाज बांधला गेला.

या अल्बमवरच्या लिखाणात ‘स्वप्नवत’, ‘धूसर’, ‘तरल’ ही विशेषणे पोत्याने सापडतात आणि त्यांनी काहीच उलगडत नाही. त्यापेक्षा पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या वाहन उद्योगात रोज बोलली जाणारी भाषा इथे जास्त कामाला येते. गाडीतला नकोसा आवाज, कंप आणि खरखर हुडकून काढण्याच्या कामाला तिथे ‘एनव्हीएच’ म्हणतात : नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेत त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे, आणि संस्थेचे एक केंद्र चाकणलाही आहे. डॅशबोर्ड कुठे कुरकुरतो, पत्रा कोणत्या आरपीएमला गुणगुणू लागतो, गिअरबॉक्सची कण्हण्यासारखी धून कुठून येते, हे या कामातले इंजिनिअर शोधतात आणि काढून टाकतात. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स याने नेमक्या याच गोष्टी शोधल्या आणि गाण्यात भरल्या. भौतिकशास्त्र दोन्हीकडे एकच, हेतू मात्र उलटे.

रॉक संगीतात गोंगाटाला आधीपासून मान होता. अमेरिकन गिटारवादक लिंक रे याने १९५८ मध्ये ‘रंबल’ या धुनेसाठी ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलने भोके पाडल्याचे सांगितले जाते. १९६५ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरात पत्र्याच्या कारखान्यातल्या प्रेसखाली सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या ढिल्या केल्या, आणि ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा तो जड, खालचा आवाज तयार झाला. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये चार दिवस उभ्या राहिलेल्या माणसाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९८५ मध्ये ‘जीझस अँड मेरी चेन’ या स्कॉटिश बँडने ‘सायकोकँडी’ अल्बममध्ये गोड, साध्या चाली फीडबॅकच्या, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून उठणाऱ्या, कर्कश शिट्टीत बुडवून काढल्या. ‘लव्हलेस’चा लगतचा पूर्वज हाच.

शील्ड्स आणि ड्रमर कॉलम ओ कीसोग यांनी १९८३ मध्ये डब्लिनमध्ये बँड काढला. पुढे बेस गिटारवर डेबी गूज आली आणि १९८७ मध्ये गायिका व गिटारवादक बिलिंडा बुचर. क्रिएशनने १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम ‘इझन्ट एनीथिंग’ काढला. त्याचे कौतुक झाले, पाठोपाठ तशाच धाटणीचे इंग्लिश बँड उभे राहिले, आणि दुसऱ्या अल्बमकडे सगळ्यांचे डोळे लागले.

फेब्रुवारी १९८९ मध्ये लंडनच्या साउथवर्क भागातल्या ब्लॅकविंग स्टुडिओत काम सुरू झाले. पाच दिवसांत रेकॉर्डिंग उरकेल असा कंपनीचा अंदाज होता. प्रत्यक्षात शील्ड्स एका स्टुडिओतून दुसऱ्यात हिंडत राहिला आणि कंपनी बिले भरत राहिली. अल्बमच्या वेष्टनावर इंजिनिअरांची लांबलचक यादी आहे, पण ॲलन मोल्डर आणि अंजली दत्त सोडले तर बाकीचे केवळ स्टुडिओबरोबर आलेले लोक होते, असे शील्ड्सने नंतर सांगून टाकले. ड्रमर ओ कीसोग त्या काळात आजारी होता. त्यामुळे मोजक्या ठिकाणी त्याचे थेट वादन आहे, आणि बाकी सर्वत्र त्याने वाजवलेल्या ठेक्यांचे तुकडे सॅम्पलरमधून जोडलेले आहेत. डेबी गूजचे नाव यादीत आहे, पण बेस तिने वाजवलेला नाही. तोही शील्ड्सनेच वाजवला. थोडक्यात, चौघांच्या बँडचा म्हणून ओळखला जाणारा हा अल्बम बराचसा एका माणसाने बसवलेला आहे. अपवाद ‘टच्ड’ या एका मिनिटाच्या तुकड्याचा, तो ओ कीसोगने रचला.

गायनाचे रेकॉर्डिंग १९९१ च्या उन्हाळ्यात झाले, तेही जगावेगळ्या पद्धतीने. शील्ड्स आणि बुचर यांनी गायकाची खोली आणि कंट्रोल रूम यांच्यामधल्या काचेला पडदे लावले. आत कोणी गात असताना बाहेरच्या इंजिनिअरांनी ऐकायचे नाही असा दंडक होता. त्यांनी टेप मशिनवरच्या मीटरच्या काट्याकडे बघत बसायचे. काटा हलला की कोणीतरी गात आहे, थांबला की टेप मागे घ्यायची. एखादे गायन मनासारखे झाले की पडदा सरकायचा आणि हात हलवला जायचा. बुचर अनेकदा झोपेतून उठल्या उठल्या गायली, आणि तिच्या आवाजातली ती जड, अर्धवट जाग ऐकू येते.

या सगळ्याला अडीच लाख पौंड खर्च आला आणि त्यात क्रिएशनचे दिवाळे निघायची वेळ आली, ही कथा सांगितल्याशिवाय ‘लव्हलेस’वरचा लेख सहसा पुरा होत नाही. शील्ड्सने हा आकडा कधीच मान्य केला नाही. त्याच्या हिशेबाने खर्च याहून पुष्कळ कमी होता आणि त्यातला बराचसा बँडच्या पोटापाण्यावर गेला. कंपनीचा मालक ॲलन मॅकगी याच्याशी संबंध मात्र कायमचे बिघडले.

आता आवाजाकडे. पहिला घटक ‘डिस्टॉर्शन’. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा असतो. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर रेटले की लाटेचे शेंडे सपाट कापले जातात, आणि त्यामुळे मूळ सुराच्या पटीतले उपस्वर म्हणजे १६५, २४७, ३३० आणि पुढचे एकदम जोर धरतात. दोन तारा एकत्र छेडल्या तर आणखी भर पडते. ८२ आणि ११० कंपनांच्या दोन सुरांतून त्यांच्या बेरजेचा १९२ आणि वजाबाकीचा २८ असे न वाजवलेले सूरही निघू लागतात. संपूर्ण कॉर्ड, म्हणजे अनेक तारांचे सूर एकदम, वाजली की अशा उपस्वरांची एवढी गर्दी होते की कान त्यांना वेगवेगळे धरत नाही, एकच जाड, कंपायमान पट्टा ऐकू येतो.

मराठी श्रोत्याला हे तत्त्व तानपुऱ्यातून आधीच ओळखीचे असते. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर घासतात. तिच्यावर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला की तार घोडीला हलकेच घासत कंप पावते आणि उपस्वर ओळीने उमलू लागतात. ही जवारी. जवारी न लावलेला तानपुरा ‘स्वच्छ’ वाजतो आणि कोणालाही नकोसा वाटतो. मिरजेतल्या या धंद्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या धातुकारागिरांनी केली, हेही इथे नमूद करायला हरकत नाही. तानपुऱ्यात तार आणि लाकूड जे करतात ते गिटारमध्ये वीज करते. फरक असा की तानपुरा स्थिर राहून गायकाला आधार देतो, ‘लव्हलेस’मधला घोष मात्र सतत सरकतो.

तो सरकतो कसा, हा दुसरा घटक आणि हीच शील्ड्सची खरी करामत. तो फेंडर कंपनीची जॅझमास्टर गिटार वाजवतो. १९५८ मध्ये बाजारात आलेल्या या गिटारला स्प्रिंगवर तोललेला एक धातूचा दांडा असतो, ‘ट्रेमोलो आर्म’. तो दाबला की सगळ्या तारा एकदम सैल होऊन सूर उतरतो, सोडला की परत येतो. इतर वादक सूर संपता संपता तो हलवून शोभा आणतात. शील्ड्स दांडा मुठीत धरूनच तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक आघाताबरोबर संपूर्ण कॉर्ड जराशी खाली बसते आणि वर येते. जाड-बारीक तारांवर या ताणाचा परिणाम सारखा होत नाही, म्हणून तारांची आपसातली सुरावट क्षणोक्षणी बदलते. ४४० आणि ४४४ कंपनांचे दोन सूर एकत्र वाजले तर सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. इथे हेलकाव्यांचा वेगही ठरलेला नसतो. ‘टू हिअर नोज व्हेन’ हे गाणे ऐकताना किंचित भोवंडल्यासारखे होते ते यामुळे.

चाकणच्या इंजिनिअरकडे याला मापे आहेत. म्युनिकचे ध्वनिशास्त्रज्ञ एबरहार्ट झ्विकर यांच्या कामातून दोन एकके रूढ झाली : हळू हेलकाव्यांसाठी ‘व्हॅसिल’ आणि जलद खरखरीसाठी ‘ॲस्पर’. आवाजाची पातळी सेकंदाला चारएक वेळा वर-खाली झाली तर कानाला झोका सर्वांत ठळक जाणवतो. वीसच्या पुढे झोके वेगळे ओळखू येत नाहीत, त्यांची खरखर होते, आणि सत्तरच्या आसपास ती सर्वाधिक बोचते. दोन गाड्यांचे डेसिबल सारखेच असूनही एक ‘स्मूद’ आणि दुसरी ‘रफ’ का वाटते, ते अशा मापांनी कळते. ‘लव्हलेस’मध्ये झोका आणि खरखर एकाच वेळी चालू असतात : खरखर डिस्टॉर्शनची, झोका दांड्याचा. ‘ओन्ली शॅलो’ या पहिल्याच गाण्यासाठी तर शील्ड्सने दोन ॲम्प्लिफायर समोरासमोर ठेवले, दोघांचा थरथराट वेगवेगळ्या गतीला लावला आणि मधोमध मायक्रोफोन ठेवला.

तिसरा घटक ‘रिव्हर्स रिव्हर्ब’. मोठ्या दालनात टाळी वाजवली की तिचा घुमारा हळूहळू विरतो. यामाहा एसपीएक्स-९० सारखी यंत्रे हा घुमारा उलटा करून देत : आधी क्षीण, मग वाढत जाणारा आणि एकदम तुटणारा. शील्ड्सने मूळ गिटार जवळपास पुसून टाकून असा उलटा घुमाराच तेवढा ठेवला. त्यामुळे तारेवर नखी आपटण्याचा क्षण नाहीसा झाला. कान वाद्य ओळखतो ते बऱ्याच अंशी या आरंभीच्या क्षणावरून. फ्रान्सच्या पिअर शेफर यांनी १९४८ च्या सुमाराला घंटेच्या रेकॉर्डिंगमधला ठोका कापून दाखवले होते की उरलेला नाद घंटेचा वाटतच नाही. ‘लव्हलेस’मधली गिटार कधी व्हायोलिनसारखी, कधी दूर चाललेल्या मोटारीसारखी भासते, त्यामागे हेच आहे. बासरीसारखे जे ऐकू येते तेही बहुधा गिटारच्या फीडबॅकचे सॅम्पल असते, कीबोर्डवर वाजवलेले.

शेकडो गिटारींचे थर एकावर एक रचले असावेत असा समज सर्वत्र आहे. शील्ड्सच्या सांगण्यानुसार थर थोडेच आहेत आणि पाय ठेवून दाबायच्या पेडलांचा वापरही लोक समजतात तितका नाही. आवाजाची मांडणी बरीचशी मोनो, म्हणजे डावी-उजवीकडे न पसरता मध्यभागी एकवटलेली आहे. पसारा नसून दाटी आहे. म्हणून हे अनुकरण करायला दिसते तितके सोपे नाही. दहा पेडले विकत घेऊन हा आवाज निघत नाही, हे नंतरच्या कित्येक बँडांनी स्वखर्चाने सिद्ध केले.

शब्द का लागत नाहीत, याचेही उत्तर साधे आहे. बोलण्यातली स्पष्टता व्यंजनांवर अवलंबून असते आणि व्यंजनांची ऊर्जा साधारण दोन ते सहा हजार कंपनांच्या पट्ट्यात असते. डिस्टॉर्शनचा चरचराटही नेमका तिथेच. समान पट्ट्यातला मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, याला ‘मास्किंग’ म्हणतात. प्रेस शॉपमध्ये माणसे खुणांनी बोलतात ती याचमुळे : आरडाओरडा केला तर ‘आ’ पोहोचतो, ‘स’ आणि ‘त’ पोहोचत नाहीत. शील्ड्सने गायनाची पातळी मुद्दाम गिटारींच्या बरोबरीला ठेवली. स्वर उरले, शब्द गेले, आणि बुचरचा गळा हे आणखी एक वाद्य झाले. गीतांसाठी दोघांनी रात्र-रात्र जागवली होती हे लक्षात घेतले तर हा निर्णय धाडसाचाच.

गोंगाट आणि मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र विसरता कामा नये. ‘लव्हलेस’ हळू आवाजात लावला तरी गोंगाटीच राहतो, कारण गोंगाट त्याच्या पोतात आहे. उलट भारतातल्या नियमानुसार चाचणीच्या धावपट्टीवर साडेसात मीटर अंतरावरच्या मायक्रोफोनपुढून जाणाऱ्या मोटारीने ७४ डेसिबल आणि ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलने ७७ डेसिबल ओलांडायचे नसतात. तिथे प्रश्न पातळीचा. कारखान्यात कामगाराच्या कानावर आठ तासांत ९० डेसिबलहून अधिक आवाज पडू नये अशी मर्यादा आहे. ९५ ला चार तास, १०० ला दोन, असा वेळ निम्मा होत जातो. बँडचे प्रत्यक्ष कार्यक्रम या दुसऱ्या हिशेबात मोडतात. ‘यू मेड मी रिअलाइज’ या जुन्या गाण्याच्या मध्यावर ते एकच कॉर्ड मिनिटेच्या मिनिटे प्रचंड आवाजात धरून ठेवत, आणि २००८ पासूनच्या कार्यक्रमांत दारावर प्रेक्षकांना इअरप्लग वाटले जात. अतिआवाजाने होणारा बहिरेपणा आधी चार हजार कंपनांच्या आसपास लागतो, मग तो कारखान्यातला असो की मंचापुढचा. शील्ड्सला स्वतःला कानात सतत गुंजारव ऐकू येण्याचा त्रास आहे. इअरप्लग लावण्यात कमीपणा वाटणारे तरुण कामगार आणि तरुण श्रोते दोघेही सारख्याच गैरसमजात असतात.

१९९१ च्या हेमंतात अल्बम आला तेव्हा ब्रिटनच्या यादीत तो २४ व्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत यादीत शिरलाच नाही. त्याआधी सहा आठवडे ‘निर्वाणा’ या अमेरिकन बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला होता आणि रॉकचे लक्ष त्या मोकळ्या, ओरडणाऱ्या गिटारीकडे वळले होते. क्रिएशनने बँडशी संबंध तोडला. १९९२ मध्ये आयलंड कंपनीशी करार झाला, पण तिच्यासाठी नवा अल्बम काही निघाला नाही. कीर्ती मागाहून वाढली. ‘सून’ या शेवटच्या गाण्याची संगीतकार ब्रायन ईनोने वाखाणणी केली, ‘स्मॅशिंग पम्पकिन्स’ या अमेरिकन बँडने १९९३ चा ‘सायमीज ड्रीम’ मिक्स करायला ॲलन मोल्डरलाच बोलावले, आणि २००३ च्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटात ‘समटाइम्स’ वाजले तेव्हा एक नवीच पिढी तिकडे वळली.

महाराष्ट्रात हा आवाज तेव्हा जवळजवळ पोहोचला नाही. १९९१ च्या अखेरीस स्टार टीव्हीवरून एमटीव्ही घराघरात येऊ लागला होता. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरत होता आणि धोबी तलावाचे रंगभवन हे रॉकचे हक्काचे खुले मैदान होते. ‘रॉक मशीन’ या बँडने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. विशाल दादलानीच्या ‘पेंटाग्राम’चा पहिला अल्बम १९९६ चा. या बँडांना आपले शब्द ऐकू जायला हवे होते, आणि ते रास्तच होते : इंग्रजीत स्वतःची गाणी लिहिणारे भारतीय बँड मुळातच मूठभर, त्यांना गायन झाकून टाकण्याची चैन परवडणारी नव्हती. शिवाय असा आवाज बांधायला लागतो तो स्टुडिओतला वेळ, आणि तो इथे तासावर विकत घ्यावा लागे. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आले. रुग्णालय आणि शाळा-कॉलेजांच्या शांतता क्षेत्रात येणाऱ्या रंगभवनातले कार्यक्रम त्यांमुळे बंद पडले.

‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चा तिसरा अल्बम ‘एम बी व्ही’ यायला २ फेब्रुवारी २०१३ उजाडले, म्हणजे एकवीस वर्षांहून जास्त. दरम्यान २०१२ मध्ये शील्ड्सने ‘लव्हलेस’ची नवी प्रत सीडीवर काढली आणि २०१८ मध्ये मूळ टेपवरून, कुठेही संगणक न वापरता कापलेली एलपी. ऐकणाऱ्याला मात्र एवढ्या खोलात जायची गरज नाही. मोबाइलच्या स्पीकरवर तो लावू नये, कारण तळाचे सूर तिथे निघत नाहीत आणि नुसता चरचराट उरतो. बरे हेडफोन आणि मध्यम आवाज पुरतो. सुरुवात ‘समटाइम्स’पासून करावी. त्यात ड्रम जवळजवळ ऐकू येत नाहीत, चाल सरळ आहे आणि घरघरीच्या खाली साधी गिटार स्पष्ट लागते. मग ‘व्हेन यू स्लीप’, आणि ‘टू हिअर नोज व्हेन’ सगळ्यांत शेवटी.